सर्वांत मोठी मूळ संख्या आणि फळ्यावरचा आपला हक्क

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने माझ्याकडे लेख मागितला तेव्हा त्यांची अपेक्षा इतिहासावरील लेखाची असणार, हे उघड आहे. मी इतिहासाचा शिक्षक आहे आणि गेली अनेक वर्षे उमरखेड परिसरातील मुलांना सनावळ्या, चळवळी आणि संविधान शिकवीत आलो आहे. तरीही या वेळी मी गणितावर, त्यातही मूळ संख्यांवर लिहिणार आहे. गणितज्ञ असल्याचा दावा मी करीत नाही. माझे गणित दहावीच्या पुढे गेले ते फार उशिरा, आणि तेही एका विद्यार्थिनीमुळे.

गणिताचे शिक्षक रजेवर होते, म्हणून रात्रीच्या अभ्यासिकेवर देखरेख करण्याचे काम माझ्याकडे आले होते. आठवीतल्या एका मुलीने वही पुढे केली आणि विचारले, "सर, सर्वांत मोठी मूळ संख्या कोणती?" मी उत्तर देण्यापूर्वीच मागच्या बाकावरून आवाज आला, "ते परीक्षेला येत नाही." वर्ग हसला. मुलीने वही मिटली आणि सहज सांगून गेली, "तसंही बाबा म्हणतात, दहावीनंतर गणित घ्यायचं नाही. आपल्या घरात कुणालाच जमलं नाही."

त्या एका वाक्यात तीन पिढ्यांचा इतिहास होता. तिच्या प्रश्नाचे उत्तर मला त्या रात्री देता आले नाही. पुढे मी ते शोधले. तो शोध आणि त्यातून बनलेले माझे मत असे दोन्ही या लेखात मांडतो.

ज्या संख्येला १ आणि ती संख्या स्वतः यांखेरीज दुसरा विभाजक नाही, तिला मूळ संख्या म्हणतात. २, ३, ५, ७, ११, १३ या मूळ संख्या आहेत. १५ नाही, कारण ती ३ गुणिले ५ आहे. १ पेक्षा मोठी कोणतीही संख्या घ्या. ती एकतर मूळ असते, किंवा मूळ संख्यांच्या गुणाकारातून तयार झालेली असते. संख्यांची भिंत ज्या विटांनी रचली आहे, त्या विटा म्हणजे मूळ संख्या.

आता मुलीच्या प्रश्नाचे उत्तर. सर्वांत मोठी मूळ संख्या अस्तित्वातच नाही. ही गोष्ट युक्लिड या ग्रीक गणितज्ञाने सुमारे २३०० वर्षांपूर्वी सिद्ध केली आणि त्याची सिद्धता आठवीच्या मुलीला कळेल इतकी सरळ आहे. समजा, कुणी तुमच्यापुढे एक यादी ठेवली आणि म्हणाला, "जगातील सर्व मूळ संख्या एवढ्याच." त्या सर्वांचा गुणाकार करा आणि त्यात १ मिळवा. या नव्या संख्येला यादीतील कोणत्याही संख्येने भागले तर बाकी १ उरणार. म्हणजे ती नवी संख्या स्वतः मूळ असेल, किंवा तिचा मूळ विभाजक यादीबाहेरचा असेल. दोन्ही प्रकारे यादी अपुरी ठरते. २, ३ आणि ५ यांचा गुणाकार ३०; अधिक १ म्हणजे ३१, ही मूळ संख्या आहे. २ पासून १३ पर्यंतच्या मूळ संख्यांचा गुणाकार ३०,०३०; अधिक १ म्हणजे ३०,०३१. ही मूळ नाही, ती ५९ गुणिले ५०९ आहे. पण ५९ आणि ५०९ हे दोन्ही यादीत नव्हतेच. "एवढेच आणि यापुढे कुणी नाही" असे म्हणणारी प्रत्येक यादी खोटी पडते. हा युक्तिवाद वाचून मी, इतिहासाचा माणूस, बराच वेळ स्वस्थ बसून राहिलो.

सर्वांत मोठी नाही, तरी आज ज्ञात असलेल्यांपैकी सर्वांत मोठी कोणती, हे मात्र सांगता येते. ऑक्टोबर २०२४ मध्ये ल्यूक डुरँट या अमेरिकी संशोधकाने अनेक देशांतील संगणक कामाला लावून ती शोधली. २ ला २ नेच १३,६२,७९,८४१ वेळा गुणनात घ्यायचे, म्हणजे २ चा तेवढा घात काढायचा, आणि त्यातून १ वजा करायचा. या संख्येत ४,१०,२४,३२० अंक आहेत. दर सेकंदाला एक अंक या वेगाने न थांबता, न झोपता ती वाचली तर सुमारे ४७५ दिवस लागतील. एका पानावर अडीच हजार अंक छापले तर सोळा हजारांहून अधिक पाने भरतील.

एवढी मोठी संख्या मूळ आहे, हे कळते कसे? प्रत्येक लहान संख्येने भागून पाहणे तर अशक्य. या जातीच्या संख्यांसाठी एक कसोटी आहे. फ्रेंच गणितज्ञ ल्यूकास याने ती एकोणिसाव्या शतकात शोधली आणि पुढे लेहमर याने तिला नेमके रूप दिले. ती लहान उदाहरणावर करून पाहता येते. २ चा पाचवा घात ३२, वजा १ म्हणजे ३१. सुरुवात ४ ने करा. तिचा वर्ग करून २ वजा करा: १४. पुन्हा वर्ग करून २ वजा करा: १९४, त्याला ३१ ने भागा, बाकी ८. पुन्हा तेच: ६४ वजा २ म्हणजे ६२, ३१ ने भागा, बाकी शून्य. घातापेक्षा दोन कमी, म्हणजे येथे तीन, एवढ्या पायऱ्यांनंतर अचूक शून्य आले तर संख्या मूळ. नाही तर नाही. ल्यूकासने १८७६ मध्ये २ चा १२७ वा घात वजा १ ही ३९ अंकी संख्या मूळ असल्याचे संगणकाशिवाय दाखविले. सव्वातेरा कोटींहून मोठ्या घाताच्या त्या संख्येलाही याच कसोटीवर उतरावे लागले. कसोटी लहानासाठी वेगळी आणि मोठ्यासाठी वेगळी नाही, हे लक्षात घ्यावे.

या संख्यांना मर्सेन या सतराव्या शतकातील फ्रेंच धर्मगुरूचे नाव आहे. १६४४ मध्ये त्याने अशा मूळ संख्यांची यादी प्रसिद्ध केली आणि त्यात २ चा ६७ वा घात वजा १ ही संख्या मूळ असल्याचे सांगितले. मर्सेन विद्वान होता, त्याचा शब्द मानला जाई. सव्वादोनशेहून अधिक वर्षांनी ल्यूकासने दाखविले की ती संख्या मूळ नाही. पण तिचे विभाजक कोणते, हे त्यालाही सांगता आले नाही. मग ऑक्टोबर १९०३ मध्ये न्यूयॉर्क येथे अमेरिकन गणित संस्थेच्या सभेत फ्रँक नेल्सन कोल नावाचे प्राध्यापक फळ्याजवळ गेले. सांगतात की ते एक शब्दही बोलले नाहीत. त्यांनी २ चा ६७ वा घात हाताने काढला, १ वजा केला आणि १४७५७३९५२५८९६७६४१२९२७ ही संख्या लिहिली. मग फळ्याच्या दुसऱ्या बाजूला १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७ यांचा गुणाकार मांडला. दोन्ही उत्तरे एकच आली. कोल जागेवर जाऊन बसले आणि सभागृहात टाळ्यांचा गजर झाला. एका मान्यवराचे अडीचशे वर्षांपूर्वीचे विधान एका निःशब्द गुणाकाराने संपले. कोल कोण, कुणाचे, कुठले, हे विचारण्याची कुणाला गरज पडली नाही. फळ्यावर जे होते ते कुणीही तपासू शकत होते.

इतिहासाच्या शिक्षकाला येथे दुसरा फळा आठवतो. कोल यांच्या त्या सभेनंतरची काहीच वर्षे. मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये भीमराव शिकत होते. शिक्षकांनी एकदा त्यांना उदाहरण सोडविण्यासाठी फळ्याकडे बोलावले. वर्गात एकच गोंधळ उडाला, कारण सवर्ण मुलांचे जेवणाचे डबे फळ्यामागे ठेवलेले होते. भीमरावांचा स्पर्श फळ्याला होण्याआधी डबे उचलण्यासाठी मुले धावली. बाबासाहेबांच्या चरित्रात हा प्रसंग नोंदलेला आहे आणि आपल्यापैकी अनेकांनी तो ऐकला आहे. आपण तो ऐकतो तेव्हा आपले लक्ष डब्यांकडे जाते. माझी विनंती आहे की एकदा फळ्याकडेही पाहावे. त्या मुलाला फळ्यावर गणित सोडवायचे होते. उत्तर बरोबर की चूक, हा एकच प्रश्न तेथे विचारला जायला हवा होता. त्याऐवजी हात कुणाचा, हा प्रश्न आधी आला.

आता महाराष्ट्राच्या मातीतील एका शिक्षकाकडे वळतो. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. ठाण्यात शालेय शिक्षण, पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात उच्च शिक्षण, १९२९ मध्ये पदवी. १९३० पासून १९६२ पर्यंत ते नाशिकजवळच्या देवळालीत शाळेत शिकवीत होते. पदव्युत्तर पदवी त्यांच्याकडे नव्हती. विद्यापीठातील अनेक गणितज्ञांनी त्यांच्या कामाकडे दुर्लक्ष केले. आपल्या पुस्तिका त्यांनी स्वतःच छापून घेतल्या. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर या अमेरिकी लेखकाने आपल्या स्तंभात त्यांच्याविषयी लिहिले आणि मग जगाला देवळालीचे नाव कळले. आज '६१७४' या संख्येला जगभर कापरेकर स्थिरांक म्हणतात.

कापरेकरांना आवडलेल्या संख्यांपैकी एक जात 'डेम्लो' संख्यांची. ही कल्पना त्यांना ज्या रेल्वे स्थानकावर सुचली, त्याचे नाव त्यांनी तिला दिले; तेच आजचे डोंबिवली. त्यातील सर्वांत देखण्या संख्या म्हणजे ११, १११, ११११ अशा केवळ एकांनी बनलेल्या संख्यांचे वर्ग: १२१, १२३२१, १२३४३२१. नऊ एकांच्या संख्येचा वर्ग १२३४५६७८९८७६५४३२१ येतो.

या केवळ एकांच्या संख्या मला एका वेगळ्या कारणाने ओळखीच्या आहेत. मी चौथीत असताना माझी माय एका मळ्यात निंदणाला जात असे. तिला लिहिता येत नव्हते. रोज संध्याकाळी ती चुलीतल्या कोळशाने भिंतीवर एक उभी रेघ ओढी. हिशेबाच्या दिवशी मी पाच-पाचच्या जुड्या करून रेघा मोजल्या: चार जुड्या आणि तीन सुट्या, म्हणजे तेवीस दिवस. मुकादमाच्या वहीत एकवीस होते. माय म्हणाली, "भिंतीवर तेवीस हायेत." मुकादम हसून म्हणाला, "मंग भिंतच घेऊन ये." पैसे एकवीस दिवसांचेच मिळाले. खरे आपल्या बाजूला असून भागत नाही. ते समोरच्याला नाकारता येणार नाही अशा रीतीने मांडता आले पाहिजे, हे मला त्या दिवशी कळले. यालाच गणितात सिद्धता म्हणतात, हे कळायला मात्र आणखी पुष्कळ वर्षे लागली.

मायच्या त्या रेघांसारख्या, एकापुढे एक उभ्या असलेल्या एकांच्या संख्यांपैकी मूळ संख्या किती? आधी एक साधा नियम. एकांची गणती संयुक्त असेल तर ती संख्या मूळ असूच शकत नाही. सहा एकांचे उदाहरण घ्या. तीन-तीनचे दोन गट केले की १११ गुणिले १००१. दोन-दोनचे तीन गट केले की ११ गुणिले १०१०१. रेघांच्या समान जुड्या बांधता आल्या की विभाजक हाती आलाच. म्हणून एकांची गणती मूळ असणे आवश्यक आहे. पण ते पुरेसे आहे का? नाही. तीन एक: १११ म्हणजे ३ गुणिले ३७. पाच एक: १११११ म्हणजे ४१ गुणिले २७१. सात एक: २३९ गुणिले ४६४९. अकरा, तेरा, सतरा एकांच्याही संख्या फुटतात. दोन एकांची ११ ही मूळ आहे. त्यानंतर थेट एकोणीस एकांची आणि मग तेवीस एकांची. तेविसानंतर ३१७ पर्यंत एकही नाही. ३१७ एकांची संख्या मूळ असल्याचे १९७८ मध्ये सिद्ध झाले, १०३१ एकांची १९८६ मध्ये. त्याच १९८६ मध्ये कापरेकर आपल्यातून गेले. पुढच्या दोन, ४९,०८१ आणि ८६,४५३ एकांच्या, सिद्ध व्हायला २०२२ आणि २०२३ साल उजाडावे लागले.

'आवश्यक' आणि 'पुरेसे' या दोन शब्दांतील फरक मला या संख्यांनी जितका स्पष्ट केला तितका कोणत्याही ग्रंथाने केला नाही. आणि याच फरकावर माझ्या या लेखाचे मत उभे आहे.

१९२७ हे वर्ष घ्या. या वर्षी पुण्यात तरुण कापरेकरांना गणितातील स्वतंत्र कामासाठी रँग्लर परांजपे पारितोषिक मिळाले. याच वर्षी, २० मार्च रोजी, महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांच्या मागोमाग हजारो माणसांनी ओंजळीने पाणी घेतले. एकाच प्रांतात, एकाच वर्षी, एक तरुण संख्यांचे सौंदर्य शोधत होता आणि त्याच्याच वयाचे असंख्य तरुण सार्वजनिक पाण्याचा हक्क सिद्ध करीत होते. कापरेकरांचा मान कमी करण्यासाठी मी हे लिहीत नाही. एका शाळामास्तराने आयुष्यभर निरपेक्षपणे केलेले ते काम मला वंदनीय वाटते. पण त्या ओंजळभर पाण्यासाठी आलेल्यांमध्ये किती कापरेकर होते, याची नोंद कोणत्याही वहीत नाही. त्यांच्यापुरता फळाच नव्हता.

तो फळा आज आपल्या मुलांपुढे आहे. निवासी शाळा आहे, वसतिगृह आहे, शिष्यवृत्ती आहे, आरक्षण आहे. हे सर्व आवश्यक आहे आणि त्यातील एकही गोष्ट सोडण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. पण ते पुरेसे नाही. दार उघडे असूनही मूल आत जाऊन म्हणत असेल की "हा विषय आपला नाही", तर दाराबाहेरची जुनी पाटी त्याच्या मनात अजून टांगलेली आहे.

अलीकडे राज्याच्या शालेय अभ्यासक्रम आराखड्याच्या निमित्ताने एक सूचना चर्चेत आली. दहावीला गणित आणि विज्ञानात ३५ ऐवजी २० गुण मिळाले तरी विद्यार्थ्याला पुढे जाऊ द्यावे. मात्र पुढे त्याला हे विषय घेता येणार नाहीत, असा शेरा गुणपत्रिकेवर असावा. या सूचनेमागील कळवळा मी नाकारत नाही. गणितात नापास झालेल्या मुलीचे शिक्षण थांबते आणि वर्षभरात तिचे लग्न लागते, हे मी या भागात डोळ्यांनी पाहिले आहे. अशा मुलीसाठी ती सवलत म्हणजे सुटकेचा मार्ग ठरू शकेल. परंतु हा शेरा कुणाच्या गुणपत्रिकेवर सर्वाधिक येईल, हे सांगण्यासाठी गणितज्ञ असण्याची गरज नाही. ज्या शाळांत गणिताला शिक्षक नाही, ज्या घरांत शिकवणीला पैसे नाहीत, तेथेच तो येईल. सुटकेचा मार्ग आणि बंद केलेला दरवाजा दुरून सारखेच दिसतात. म्हणून माझे मत असे की, सवलत शासनाने द्यावी की नाही याचा वाद होत राहील. पण आपल्या शाळेने त्या सवलतीच्या भरवशावर एकाही मुलाचे गणित सोडून देऊ नये.

येथे एक आक्षेप येईल. चार कोटी अंकांची संख्या शोधून भाकरी मिळते का? प्रश्न योग्य आहे. त्या विक्रमी संख्येचा थेट उपयोग आज जवळजवळ काही नाही. पण तिच्या लहान भावंडांचा आहे. बँकेशी फोनवरून होणारा आपला व्यवहार सुरक्षित ठेवणाऱ्या एका प्रचलित पद्धतीत प्रत्येकी तीनशेहून अधिक अंकांच्या दोन मूळ संख्या गुणलेल्या असतात. गुणाकार क्षणात होतो. गुणाकारावरून मूळ दोन संख्या शोधणे आजच्या संगणकांच्याही आवाक्याबाहेर आहे. कोणतीही संख्या मूळ आहे की नाही हे खात्रीने आणि बेताच्या वेळात ठरविण्याची रीत २००२ मध्ये कानपूरच्या आयआयटीत मणीन्द्र अग्रवाल आणि नीरज कयाल, नितीन सक्सेना या त्यांच्या दोन तरुण विद्यार्थ्यांनी शोधली. तेव्हा भाकरीशीही संबंध आहेच. पण मला त्याहून मोठा उपयोग वाटतो तो वेगळा. सिद्धता शिकलेले मूल "कशावरून?" असे विचारते. ते मुकादमाच्या वहीलाही विचारते, आणि व्यासपीठावरच्या वक्त्यालाही. तथागतांनी कालामांना हेच सांगितले होते की परंपरा, ग्रंथ किंवा गुरू यांच्या केवळ अधिकारावर काही स्वीकारू नका. सिद्धता म्हणजे त्या उपदेशाचा रोजचा सराव.

याच न्यायाने संख्यांच्या भक्तीपासूनही आपण दूर राहिले पाहिजे. कापरेकरांच्या ६१७४ ची रीत अशी: सर्व अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या, तिचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करा, आणि उत्तरावर तेच करीत राहा. १९५६ घ्या. ९६५१ वजा १५६९ म्हणजे ८०८२. ८८२० वजा ०२८८ म्हणजे ८५३२. ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. तीन पायऱ्यांत उत्तर. १९२७ ला सात पायऱ्या लागतात. मी हे वर्गात दाखविले तेव्हा एक मुलगा आनंदून म्हणाला, "सर, धम्मदीक्षेच्या वर्षात चमत्कार आहे!" मी त्याला त्याच्या वडिलांच्या मोटारसायकलच्या क्रमांकावर तीच रीत करायला लावली. तेथेही ६१७४ च आले. सात पायऱ्यांच्या आत ते येतेच, सर्वांसाठी येते. मग मी सांगितले की १८९१ ही मूळ संख्या नाही, ती ३१ गुणिले ६१ आहे; १९२७ ही ४१ गुणिले ४७ आहे; आणि १९५६ तर सम आहे. यामुळे त्या वर्षांचे मोठेपण तिळभरही कमी होत नाही. वर्षे माणसांच्या कृतीने मोठी होतात, त्यांच्या अंकांनी नव्हे. शुभ अंक, गाडीचा भाग्यवान क्रमांक, नावातील अक्षरांची बेरीज यांवर पैसे खर्च करणारी माणसे आपल्याही वस्त्यांत वाढत आहेत, म्हणून हे सांगणे भाग आहे.

आता प्रत्यक्ष काय करावे, याविषयी थोडे. पहिली सूचना शाळेसाठी. दर शनिवारी रात्री एक 'फळ्याचा तास' असावा. त्यात गुण नसावेत, परीक्षा नसावी. एका मुलाने किंवा मुलीने एक गोष्ट सिद्ध करून दाखवावी, आणि बाकीच्यांनी "कशावरून?" विचारावे. उत्तर चुकले तरी चालेल. खडू मात्र सर्वांच्या हाती फिरला पाहिजे. दुसरी सूचना माजी विद्यार्थ्यांसाठी. आपल्यापैकी कुणी अभियंता झाले, कुणी बँकेत, कुणी महसूल खात्यात, कुणी शिक्षक. प्रवेशद्वाराच्या कमानीसाठी निधी जमविण्याची चर्चा मी ऐकतो. कमान झाली तर मलाही आनंदच होईल. पण त्याआधी वसतिगृहाच्या ओसरीच्या भिंतीवर, मुलांच्या हाताला येतील एवढ्या उंचीवर, चार लांब फळे लावून द्यावेत, आणि वर्षातून एक शनिवार स्वतः येऊन त्यांवर लिहावे. तुमचा पगार किती हे मुलांना सांगू नका. नववीत तुम्हाला न सुटलेले उदाहरण पुढे कसे सुटले, ते सांगा.

तिसरी विनंती पालकांना. "आमच्या घरात कुणालाच गणित आलं नाही" हे वाक्य मुलांसमोर उच्चारू नका, कारण ते खरे नाही. कापसाच्या वेचणीचे किलो तोंडी धरून मजुरी सांगणारी आजी गणित करीत होती. बटईच्या शेतात खर्च वजा जाऊन आपला वाटा किती, हे बांधावर बसून काढणारे आजोबा गणित करीत होते. भिंतीवर रेघा ओढणारी माझी माय गणित करीत होती. आपल्या घरांत गणित होते. फळा नव्हता, वही नव्हती, आणि आपले उत्तर ऐकून घेणारा कुणी नव्हता.

त्या रात्रीच्या प्रश्नाचे उत्तर मी आठवड्याभराने मुलीला दिले. युक्लिडची सिद्धता फळ्यावर मांडली. ती नीट पाहत राहिली आणि मग म्हणाली, "सर, पण नवी संख्या प्रत्येक वेळी मूळच येईल असं नाही ना?" ३०,०३१ चे उदाहरण तेव्हा मला ठाऊकही नव्हते. तिच्या शंकेमुळे मी ते शोधले. आज ती नववीत आहे. दहावीनंतर गणित घ्यायचे की नाही, याचा निर्णय तिच्या घरी अजून व्हायचा आहे. येत्या पालकसभेला तिचे वडील आले की मी त्यांच्याशी बोलणार आहे, आणि बोलताना ती वही त्यांच्यासमोर ठेवणार आहे.